रायफल नळीतील मळ व अचूकता

रायफलीतून गोळी झाडली असता दारूच्या ज्वलनातून उरणारे पदार्थ आणि गोळीच्या पृष्ठावरून खरवडले जाणारे धातूचे सूक्ष्म कण नळीच्या आतील बाजूस चिकटून राहतात. या पुटास नळीतील मळ म्हणतात. मळामुळे नळीची आतील मापे, गोळी व नळी यांच्यातील घर्षण आणि पर्यायाने गोळीचा वेग यांत फरक पडतो. म्हणून नेमबाजीच्या अचूकतेशी त्याचा निकटचा संबंध आहे. मळ हा अचूकतेचा शत्रू आणि चकाकणारी नळी म्हणजे अचूक नळी, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे. एका बारापासून पुढच्या बारापर्यंत नळीची स्थिती किती एकसारखी राहते, यावर अचूकता मुख्यतः अवलंबून असते. मळ साचत गेल्याने ही एकसारखी स्थिती बिघडते, तशीच ती चुकीच्या व अवेळी केलेल्या स्वच्छतेनेही बिघडते.

नळीची रचना : रायफलीच्या नळीच्या आतील पृष्ठावर मळसूत्री चरी कोरलेल्या असतात, त्यांना आटे म्हणतात. दोन चरींमधील उंचवटे गोळीच्या अंगात रुततात व गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती देतात. या फिरण्यामुळे गोळी हवेत कोलांट्या न खाता टोकाच्या दिशेने सरळ जाते [⟶ बंदूक]. चरींची खोली फारच थोडी असते. ०·३०३ इंच (७·७ मिमी.) अंतर्व्यासाच्या ली-एन्फील्ड रायफलीत ती सु. ०·१५ मिमी. असून आट्यांचा एक पूर्ण फेरा १० इंचांत (२५·४ सेंमी.) होतो. इतक्या उथळ चरींत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे पुट बसले, तरी गोळीभोवतीची जागा लक्षणीय प्रमाणात बदलते. नळीचे तीन भाग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत : काडतूस बसण्याची कोठी, कोठीपुढील आट्यांचा प्रारंभ आणि नळीच्या मुखाची कड. मळ व उष्णता यांचा मारा आट्यांच्या प्रारंभावर सर्वांत अधिक होतो, तर स्वच्छतेच्या साधनांमुळे होणारी झीज बहुधा मुखाच्या कडेस होते.

मळाचे प्रकार : उगमानुसार मळाचे तीन प्रकार करता येतात.

(१) दारूचा मळ : जुन्या काळी दारूत (काळ्या दारूत) वजनाने सु. ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असे. तिच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या पदार्थांपैकी वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायुरूप नसून घन असतो. त्यात मुख्यत्वे पोटॅशियमाचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड असतात. म्हणूनच या दारूचा धूर दाट असतो व नळीत काजळीचे जाड पुट बसते. हे पुट पाण्यात विरघळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या निर्धूम दारूच्या ज्वलनातून बहुतांश वायूच निर्माण होतात. त्यामुळे तिचा मळ पुष्कळ कमी असतो. परंतु कोठीपुढील भागात त्यातील कार्बनाचा कठीण थर हळूहळू जमत जातो व तो पाण्याने निघत नाही.

(२) टोपीतील क्षार : काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी आघाताने पेटते व मुख्य दारूस पेटवते. टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असल्यास त्याचे पोटॅशियम क्लोराइड बनून नळीत उरते. हे लवण मिठासारखेच असून त्याचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे अचूकतेवर त्याचा तत्काळ परिणाम होत नाही. मात्र नळी गंजण्याचे ते सर्वांत मोठे कारण ठरले आहे.

(३) धातूचा मळ : शिशाच्या गोळीचे कण उष्णतेने व घर्षणाने सुटून आट्यांना चिकटतात. वेग वाढवताच शिसे मऊ पडू लागले, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण चढवण्यात आले. प्रारंभी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे आवरण रूढ होते. तिचे कण नळीच्या मुखाजवळ गाठींच्या रूपाने जमत. त्या काढण्यासाठी अमोनियाचे तीव्र विद्राव वापरावे लागत. पुढे ९० टक्के तांबे व १० टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूचे आवरण प्रचारात आल्यावर गाठी जाऊन तांब्याचे पातळ, एकसारखे पुट तेवढे राहिले. काही दारूंत कथिलाची वा बिस्मथाची संयुगे अल्प प्रमाणात मिसळतात. त्यांमुळे तांबे नळीस घट्ट चिकटत नाही.

इतिहास : रायफलीचा प्रसार सैन्यांत इतक्या उशिरा का झाला, या प्रश्नाच्या उत्तरात मळाचा मोठा वाटा आहे. आट्यांची नळी गुळगुळीत नळीपेक्षा अचूक असते, हे फार पूर्वीपासून ज्ञात होते. तथापि ठासणीच्या बंदुकीत गोळी मुखातून गजाने खाली ढकलावी लागे. आट्यांत घट्ट बसणारी गोळी पहिल्या काही बारांनंतर काजळीमुळे खाली उतरेनाशी होई. रणांगणावर थांबून नळी धुणे शक्य नसल्याने बहुसंख्य सैनिकांच्या हाती गुळगुळीत नळीची बंदूकच राहिली. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये मिन्ये याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने सहज उतरे व बार उडताच वायूच्या दाबाने फुगून आट्यांत बसे. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये ०·५७७ इंच (१४·७ मिमी.) अंतर्व्यासाची १८५३ ची एन्फील्ड रायफल तयार झाली.

भारताच्या इतिहासात नळीतील मळाचा प्रश्न अनपेक्षित रीतीने शिरला, तो याच रायफलीबरोबर. एन्फील्डचे काडतूस कागदाचे असून गोळीकडील भागास वंगण लावलेले असे. गोळी सुलभपणे उतरावी आणि काजळी कोरडी व टणक न होता मऊ राहावी, असा त्या वंगणाचा दुहेरी उद्देश होता. काडतूस दातांनी फोडावे लागे आणि वंगणात जनावराची चरबी वापरली जाई. ती गाईची वा डुकराची असल्याच्या शंकेने हिंदू व मुसलमान शिपायांत क्षोभ उसळला. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी स्वतः तूप व मेण यांचे वंगण तयार करून लावावे अशी मुभा देण्यात आली. पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फोडण्याची पद्धतही घालून देण्यात आली. परंतु तोवर विश्वास उडाला होता. १० मे १८५७ रोजी मीरत येथे उठाव झाला. उठावाची अन्य राजकीय व आर्थिक कारणे सखोल होती. तथापि निमित्त ठरलेले वंगण हे मूलतः नळीतील मळावरचा उपाय होते. महाराष्ट्रात जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथील हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात व ३१ जुलै रोजी कोल्हापूर येथील २७ व्या पलटणीत उठावाचे पडसाद उमटले. या कंटिन्जंटची एक छावणी हिंगोली येथे होती. हे गाव १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होईपर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. भारतातील उष्ण व कोरड्या हवेत काजळी टणक होऊन गोळी उतरण्यास अडचण येत असल्याचा अनुभव पुढील मोहिमांत आला. त्यानंतर एन्फील्डच्या गोळीचा व्यास ०·५६८ इंचावरून ०·५५० इंचावर आणण्यात आला.

त्याच सुमारास जोसेफ व्हिट्वर्थ यांनी षट्कोनी विवराची रायफल तयार केली. १८५७ मधील चाचण्यांत लांब पल्ल्यावर ती एन्फील्डपेक्षा निश्चितपणे अचूक ठरली. पण तिची नळी लवकर मळत असे व किंमतही अधिक होती. यांमुळे ब्रिटिश सैन्याने ती सर्वसाधारण शस्त्र म्हणून स्वीकारली नाही. चाचणीच्या मैदानावरील अचूकता व सैनिकाच्या हातात टिकणारी अचूकता यांत भेद असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. काळ्या दारूच्या रायफलींच्या स्पर्धांत दोन बारांच्या दरम्यान नळी पुसण्याची, अथवा कोठीत लहान फुंकनळी घालून श्वासातील दमटपणाने काजळी मऊ ठेवण्याची प्रथा होती.

मळास अनुसरून आट्यांचा आकारही बदलत गेला. १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या चरी सात, उथळ व गोलसर कडांच्या होत्या. कोपरे नसल्याने काळ्या दारूची काजळी त्यांत साचत नसे व पुसणे सुलभ जाई. पुढे याच रायफलीत कॉर्डाइट ही निर्धूम दारू वापरात येताच काजळीचा प्रश्न मागे पडला, परंतु तिच्या प्रखर उष्णतेने या उथळ चरी झपाट्याने झिजू लागल्या. म्हणून १८९५ च्या ली-एन्फील्ड रायफलीत अधिक खोल, काटकोनी कडांच्या पाच चरी योजण्यात आल्या. कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन व नायट्रोसेल्युलोज यांबरोबर ५ टक्के व्हॅसलीन असे. नळीस वंगण मिळून धातूचा मळ कमी व्हावा या हेतूने ते घालण्यात आले. दारू टिकाऊ करण्यासही ते उपयुक्त असल्याचे नंतर आढळून आले.

महाराष्ट्रात खडकी (पुणे) येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथे ०·३०३ ची काडतुसे दीर्घकाळ तयार होत असून त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असत. १९६४ मध्ये वरणगाव (जि. जळगाव) येथे काडतुसांचा व भंडारा येथे दारूचा कारखाना सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे तीनही कारखाने म्यूनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

अचूकतेवरील परिणाम : एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्या लक्ष्यावर एका बिंदूत न पडता त्यांचा पुंजका होतो. पुंजक्याचा विस्तार आणि त्याच्या मध्यबिंदूचे नेमापासूनचे अंतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. मळाचा परिणाम दोहोंवर निरनिराळ्या रीतीने होतो.

पूर्णपणे पुसलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी पुष्कळदा नंतरच्या पुंजक्यापासून बाजूला पडते. नळीत तेलाचा थर राहिला असल्यास हा फरक अधिक जाणवतो, कारण तेलामुळे घर्षण व दाब दोन्ही बदलतात. काही बारांनंतर नळीत पातळ, एकसारखे पुट बसते आणि गोळ्यांचे वेग एकमेकांच्या जवळ येतात. या स्थितीत रायफल सर्वांत अचूक असते. ही स्थिती किती बारांपर्यंत टिकते, हे नळीचा गुळगुळीतपणा, दारूचा प्रकार व गोळीचे आवरण यांवर अवलंबून असते. त्यापुढे पुट जाड व खडबडीत होऊ लागते, काही चरींत ते अधिक व काहींत कमी साचते, गोळी किंचित तिरपी होऊन बाहेर पडते आणि पुंजका पसरतो.

वेगातील फरकाचा परिणाम गणिताने दाखवता येतो. हवेचा रोध सोडून दिल्यास, क्षितिजसमांतर सुटलेली गोळी अंतर कापण्यास लागणाऱ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने जितकी खाली येते ते अंतर, गुरुत्वीय प्रवेग व वेळेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. ०·३०३ ची गोळी सु. ७४४ मी. प्रतिसेकंद वेगाने सुटते. ३०० मी. अंतर तोडताना ती या हिशेबाने सु. ८० सेंमी. खाली येते. तिचा वेग १ टक्क्याने घटल्यास ती आणखी सु. १·६ सेंमी. खाली पडेल. मनुष्याकृती लक्ष्यावर हा फरक नगण्य आहे. याउलट ०·२२ इंच रायफलीची गोळी सु. ३३० मी. प्रतिसेकंद वेगाने ५० मी. जाते, तेव्हा ती सु. ११ सेंमी. खाली येते व १ टक्का वेग घटल्यास सु. २·३ मिमी. अधिक खाली पडते. ५० मी. रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०·४ मिमी. एवढाच असून दशांश गुणपद्धतीत मध्यापासूनच्या दर ०·८ मिमी. अंतरास ०·१ गुण कमी होतो. म्हणजे हाच १ टक्का फरक जवळजवळ ०·३ गुणाचा ठरतो. हवेचा रोध धरल्यास दोन्ही आकडे काहीसे वाढतात. यावरून, पोलीस शिपायाची व स्पर्धकाची रायफल एकाच नियमाने पुसावयाची नसते, हे लक्षात येईल.

मळामुळे होणारा आणखी एक परिणाम यंत्रणेवर होतो. वायुचालित रायफलीत नळीतील वायूचा काही भाग दट्ट्यावर घेऊन पुढचे काडतूस भरले जाते. वायुमार्गात काजळी साचल्यास हे कार्य मंदावते. भारतीय सैन्यात व पोलीस दलांत दीर्घकाळ वापरात असलेल्या ७·६२ मिमी. स्वयंभरण रायफलीत (एसएलआर) यासाठी वायुनियामक असून काजळी वाढेल तसा तो फिरवून वायूचा पुरवठा वाढवता येतो. १९६५–६७ च्या सुमारास व्हिएटनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत अडकल्या. दारूचा प्रकार बदलल्याने वाढलेला मळ, कोठीस क्रोमियमाचा मुलामा नसणे आणि पुरेशी स्वच्छतेची साधने व शिक्षण न देणे ही त्याची प्रमुख कारणे होती. पुढे कोठीस मुलामा देण्यात आला व सैनिकांना साधने पुरवण्यात आली.

हवामान व गंज : नळीतील लवणे हवेतील ओलावा केव्हा शोषतात, हे सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असते. २५° से. तापमानास पोटॅशियम कार्बोनेट सु. ४३ टक्के आर्द्रतेवरच चिघळू लागते, तर पोटॅशियम क्लोराइड सु. ८४ टक्क्यांवर चिघळते. एकदा लवणाचे पाणी झाले की पोलाद वेगाने गंजते. गंजाने पडलेले खड्डे कोणत्याही उपायाने भरून येत नाहीत. त्यांत मळ अधिक साचतो, गोळीचा धातू अधिक खरवडला जातो व अचूकता कायमची उतरते.

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याचे हवामान या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे एप्रिल-मेमध्ये कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत काळ्या दारूची काजळी टणक होते. क्लोरेटाच्या टोपीचे लवण मात्र नळीत निष्क्रिय पडून राहते आणि न धुतलेली नळी वरकरणी निर्दोष दिसते. जूनमध्ये पाऊस सुरू होताच सकाळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास व पावसाळी दिवशी त्याहूनही वर जाते. उन्हाळ्यातील सरावानंतर केवळ तेलाचा हात फिरवून ठेवलेली रायफल पावसाळ्यात गंजते, ती या कारणाने. कारण आत शिरले पावसाळ्यात नसून आधीच्या सरावाच्या दिवशी शिरलेले असते. जिल्ह्यातील काळ्या कापसाळ जमिनीची उन्हाळी धूळ हा दुसरा धोका आहे. तेलकट नळीत व कळाच्या भागांत ही बारीक धूळ चिकटून तिचा घासणारा लेप बनतो. म्हणून कोरड्या ऋतूत तेलाचा थर अगदी पातळ व दमट ऋतूत किंचित अधिक ठेवून वारंवार पाहणी करणे हितावह असते.

हाच नियम शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीसही लागू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. या बंदुकीच्या नळीस सामान्यतः आटे नसल्याने येथे प्रश्न अचूकतेपेक्षा सुरक्षिततेचा असतो. काजळीमुळे दारू व गोळी पूर्ण खाली न उतरता मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटण्याचा संभव असतो. काळी दारू वापरलेली नळी त्याच दिवशी पाण्याने धुणे आवश्यक आहे.

स्वच्छतेची साधने व पद्धती : मळाच्या प्रत्येक प्रकारास वेगळा विद्रावक लागतो, एकच तेल सर्वांवर चालत नाही. लवणे तेलात अथवा रॉकेलमध्ये विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ०·३०३ रायफलीसाठी गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतण्याची लष्करी पद्धत होती. पाणी उकळते असल्याने पोलाद तापते व उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. त्यानंतर कोरडे फडके व शेवटी तेलाचे फडके फिरवतात. कार्बनाचा मळ खनिज विद्रावकाने भिजवून कांस्याच्या ब्रशाने काढतात. तांब्याच्या मळासाठी अमोनियायुक्त विद्रावक वापरतात. तांबे विरघळल्यास फडक्यावर निळा वा हिरवट रंग उतरतो. मात्र ब्रश कांस्याचा असल्यास त्यातील तांब्यानेही रंग येतो व नळी अद्याप मळलेली असल्याचा भास होतो.

लष्करात, पोलिसांत व १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत पुलथ्रू हे साधन परिचित आहे. दोरीच्या एका टोकास वजन व दुसऱ्या टोकाकडे फास असून फासात फलालीनचा तुकडा (चिंधी) अडकवतात. पुसण्यासाठी ४ × २ इंच व तेलासाठी ४ × १½ इंच मापाची चिंधी घेण्याचे शिक्षण छात्रांस दिले जाते. मापाचे कारण असे की, चिंधी नळीत घट्ट बसावी पण अडकू नये. वजन कोठीच्या बाजूने सोडून दोरी मुखाकडून एका ओढीत सरळ काढतात. मध्येच थांबल्यास चिंधी अडकते. अडकलेली चिंधी गोळी झाडून काढण्याचा प्रयत्न केल्यास नळी फुटून प्राणहानी होऊ शकते. ती शस्त्रकारागिराकडूनच काढून घ्यावी लागते.

कोणत्याही स्वच्छतेपूर्वी रायफल रिकामी असल्याची खातरजमा करणे, काडतुसे दूर ठेवणे व कोठी डोळ्यांनी पाहणे हा पहिला नियम होय. गोळीबारापूर्वी नळीतील तेल कोरड्या फडक्याने पूर्णपणे पुसून नळी मोकळी असल्याचे पाहतात. गोळीबारानंतर नळी कोमट असतानाच स्वच्छता केल्यास मळ लवकर सुटतो. टोपीत क्लोरेट असल्यास पुढील काही दिवस नळी पुन्हा पाहून पुसणे आवश्यक असते.

स्वच्छतेमुळे होणारी हानी : अनेक रायफलींच्या नळ्या गोळ्यांपेक्षा स्वच्छतेनेच अधिक खराब झालेल्या असतात. दोरी एका बाजूस झुकवून ओढल्यास मुखाच्या कडेस खाच पडते. गोळी बाहेर पडताना वायू सर्व बाजूंनी एकाच वेळी सुटला पाहिजे. खाच असल्यास तो त्या बाजूने आधी सुटून गोळीचे बूड ढकलतो व गोळी तिरपी जाते. सांध्यांची वा उघड्या पोलादाची सळई, सळईवर बसलेली धूळ आणि ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवणे यांनीही आट्यांची झीज होते. म्हणून एकसंध व प्लॅस्टिकचे आवरण असलेली सळई कोठीच्या बाजूने, मार्गदर्शक नळीतून घालण्याची शिफारस करतात. दारूच्या उष्णतेने आट्यांच्या प्रारंभी होणारे क्षरण ही वेगळी बाब आहे. ते मळ नसून धातूची हानी असल्याने पुसण्याने सुधारत नाही. क्षरण झालेल्या नळीस अधिकाधिक घासणे हे व्यर्थच नव्हे, तर हानिकारक असते.

क्रीडा नेमबाजी : महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे, ०·२२ रायफलीची परंपरा बळकट आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांना १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक मिळाले. ०·२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचे वा ग्रीजचे वंगण असते व त्याचाच पातळ थर नळीत बसून घर्षण एकसारखे करतो. नळी पूर्ण पुसल्यावर हा थर पुन्हा बसण्यास अनेक बार लागतात. काडतुसांचा प्रकार बदलल्यासही वंगण बदलून तसेच घडते. स्पर्धेपूर्वी मिळणाऱ्या चाचणी-बारांचा उपयोग नेम जुळवण्याबरोबरच नळी स्थिर करण्यासाठीही होतो. याउलट थर कधीच न काढल्यास कोठीपुढे कार्बनाचे कठीण कडे तयार होते व पुंजका अकारण पसरू लागतो. १० मी. हवाई रायफलीत ज्वलन नसल्याने दारूचा मळ नसतो. शिशाची पूड काढण्यास नळीतून कोरडी फेल्टची गोळी सोडणे पुरते. तीत तेल घालणे अनिष्ट असते, कारण दाबलेल्या हवेच्या उष्णतेने काही रायफलींत तेल पेट घेऊन वेग बदलतो.

किती बारांनंतर नळी पुसावी, याविषयी नेमबाजांत एकमत नाही. विशिष्ट रायफलीपुरते उत्तर मात्र नोंदवहीने मिळते. पुसलेल्या नळीपासून प्रारंभ करून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी पाच-पाच बारांचे पुंजके न पुसता झाडावेत आणि प्रत्येकाचा विस्तार, मध्यबिंदू व एकूण बार नोंदवावेत. पुंजका स्थिर होण्यास लागलेले बार व तो पुन्हा पसरू लागण्यापूर्वीचे बार यांमधील अंतर हा त्या रायफलीचा स्वच्छतेचा अवधी होय. पाच बारांचे पुंजके केवळ योगायोगानेही लहानमोठे होत असल्याने असा प्रयोग अनेकदा करावा लागतो. एका चांगल्या वा वाईट पुंजक्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. क्लोरेटाच्या टोपीची काडतुसे व काळी दारू यांना हा अवधी लागू नाही. त्यांचा वापर झाल्यावर बारांची संख्या न मोजता नळी त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावून ठेवावी लागते.